विकतचा अणू

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आपल्या बाजारपेठेतील स्टेशनरीच्या दुकानांत अणू विक्रीस येतात. हायड्रोजनचा स्वस्त, कार्बनचा त्याहून महाग, सोडियमचा त्याहूनही महाग. कारण त्यात गोळे अधिक लागतात. तारेची कडी, रंगवलेले थर्मोकोलचे किंवा प्लास्टिकचे गोळे, थोडी चमकी, खाली काळा पुठ्ठा आणि त्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत नाव. वडील पैसे मोजतात, चिरंजीव तो अणू दोन्ही हातांनी सांभाळत शाळेत नेतात, शिक्षक त्यावर गुण देतात, पाहुणे त्यासमोर छायाचित्र काढून घेतात. या साऱ्या व्यवहारात अणू म्हणजे काय, हा प्रश्न मात्र कोणालाही पडत नाही.

आमचा या प्रथेला विरोध आहे, आणि तो आम्ही आडपडदा न ठेवता मांडणार आहोत. अणूचे आणि रेणूचे प्रारूप मुलाने स्वतःच्या हातांनी, आपल्या अंगणातील माती, बिया, काड्या आणि पाने यांतूनच घडवावे. आणि विकत आणलेले प्रारूप शाळेने, विशेषतः आपल्या धर्मप्रांताच्या शाळांनी, दारातूनच परत पाठवावे, असे आमचे म्हणणे आहे.

धर्मगुरूंनी अणूच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे पहिले उत्तर असे की ही भानगड आमच्या व्यवसायबंधूंनी फार पूर्वीच स्वीकारलेली आहे. ग्रीकांचा विस्मरणात गेलेला अणुवाद सतराव्या शतकात युरोपात पुन्हा प्रतिष्ठित करणारे प्येर गासंदी हे कॅथलिक धर्मगुरू होते. १७५८ साली आपल्या ग्रंथात द्रव्याचे मूलकण म्हणजे आकारमान नसलेले बिंदू आहेत, अशी धाडसी कल्पना मांडणारे रुजेर बॉस्कोविच हे येशूसंघीय होते. स्फटिकशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते रने ज्युस्त आवी हेही धर्मगुरूच. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. जे काम आपण केले नाही ते आपले म्हणून मिरवणे आणि त्याबद्दल बक्षीस घेणे, याचा धडा शाळेत मिळू लागला की तो विषय केवळ विज्ञानाच्या शिक्षकाचा राहत नाही.

प्रथम शब्दाकडे पाहू. दुकानदार त्या वस्तूला ‘मॉडेल’ म्हणतो, पालक ‘प्रतिकृती’ म्हणतात. पाठ्यपुस्तक मात्र ‘प्रारूप’ हा शब्द वापरते. राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकातील ‘अणूचे अंतरंग’ या प्रकरणात थॉमसन यांचे प्रारूप, रदरफर्ड यांचे प्रारूप, बोर यांचे प्रारूप असेच शब्द आले आहेत. हा शब्दभेद किरकोळ नाही. प्रतिकृती ही मुळाबरहुकूम असते. ताजमहालाची प्रतिकृती करता येते, कारण ताजमहाल डोळ्यांना दिसतो. अणूची प्रतिकृती होऊ शकत नाही. जे विचाराने गाठले त्याला हाताशी धरता यावे म्हणून केलेला आराखडा म्हणजे प्रारूप. तो कामापुरता खरा असतो आणि काम संपले की बाजूला ठेवायचा असतो. बाजारातील चकचकीत गोळा प्रारूपाचे हे विनम्र रूप पुसून टाकतो आणि मुलाला सांगतो, अणू हा असाच दिसतो.

तो असा मुळीच दिसत नाही. हायड्रोजनचा अणू हा सर्वांत साधा. मध्ये एक प्रोटॉन, भोवती एक इलेक्ट्रॉन. त्या प्रोटॉनला आपण मोहरीच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर व्यासाचा, मानले तर त्याच प्रमाणात अणूची त्रिज्या सुमारे साठ मीटर भरते. मोहरीचा दाणा शाळेच्या मैदानाच्या मध्यभागी ठेवावा आणि इलेक्ट्रॉन शोधायला कुंपणापर्यंत चालत जावे, असा हा प्रकार आहे. दुकानातील प्रारूपात केंद्रक लिंबाएवढे असते आणि इलेक्ट्रॉन त्यापासून वीतभर अंतरावर. केंद्रक खरोखर लिंबाएवढे धरले तर इलेक्ट्रॉनसाठी सव्वा किलोमीटर तरी चालावे लागेल. म्हणजे अणूचे केंद्रक आमच्या ख्रिस्तमंदिराच्या वेदीवर आणि इलेक्ट्रॉन पलीकडच्या गावाच्या वेशीवर! अणू हा जवळजवळ सगळाच रिकामा आहे, हे विसाव्या शतकातील एक थोर आश्चर्य. वीतभर तारेच्या कड्याने ते आश्चर्य मुलापासून हिरावून घेतले आहे. मोहरीच्या दाण्याने ते फुकट परत मिळते.

येथे कोणी शहाणा म्हणेल की मोहरीचा दाणा हादेखील प्रोटॉनसारखा नाही. अगदी बरोबर, आणि आमच्या युक्तिवादाचा कणा हाच आहे. मोहरीचा दाणा हा मोहरीचा दाणाच आहे, हे पाचवीतले पोरही जाणते. चिंचोका इलेक्ट्रॉन असल्याचे सोंग आणू शकत नाही. मातीच्या गोळ्याला बोटांचे ठसे असतात, तो एका बाजूला चपटा असतो, वाळला की तडकतो. आपण केवळ एक दाखला आहोत, हे तो पावलोपावली बोलून दाखवतो. यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत गोळ्याला असा प्रामाणिकपणा जमत नाही. राज्याचा दाखला देताना प्रभूने मोहरीचा दाणा आणि खमीर घेतले; स्वर्गाचे राज्य वाटोळे आणि पिवळसर असते असा अर्थ आजवर कोणी काढला नाही. दाखल्याची वस्तू जितकी साधी आणि ओळखीची, तितका तिच्याविषयी भ्रम कमी.

बाजारू गोळ्यांच्या रंगांचे उदाहरण घ्या. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, क्लोरिन हिरवा. ऑक्सिजन तांबडा असतो असे कितीतरी मुले मनापासून मानतात. हे रंग आले कोठून? ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना क्रोके या खेळाचे लाकडी चेंडू रंगवून, त्यांत काड्या खुपसून रेणू दाखवले. श्रोत्यांना चेंडू वेगळे ओळखू यावेत म्हणून त्याने रंग दिले, आणि तीच रीत जगभर चालू राहिली. खेळायचे चेंडू घेणाऱ्या हॉफमानला आपण काय करतो आहोत ते पक्के ठाऊक होते. आपल्या मुलांना ते कोणी सांगत नाही. त्यांच्या हाती केवळ रंग उरला आहे.

विज्ञानाचा इतिहास धुंडाळला तर हाताशी असेल त्या वस्तूवर विचार करणारी माणसेच भेटतात. १६११ साली योहानेस केप्लर हिमकणाला सहाच कोन का, असा प्रश्न घेऊन बसला, तेव्हा त्याने डाळिंब फोडून दाणे एकमेकांना दाबून कसे पैलू धारण करतात ते पाहिले. सर्व द्रव्य अणूंचे बनले आहे, हा सिद्धान्त एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडणारा जॉन डाल्टन लाकडाचे गोळे वापरून तो समजावीत असे. आवी यांनी स्फटिकांची रचना दाखविण्यासाठी पेअरच्या लाकडाची प्रारूपे वापरली. १९४७ साली लॉरेन्स ब्रॅग आणि जॉन नाय यांनी धातूतील अणू कसे रचले जातात आणि ती रचना कोठे बिघडते, हे साबणाच्या बुडबुड्यांचा तराफा करून दाखवले. १९५३ साली जेम्स वॉटसन याला कार्यशाळेतून धातूचे तुकडे येईपर्यंत धीर धरवेना, म्हणून त्याने पुठ्ठा कापून डीएनएच्या घटकांचे आकार केले. ते मेजावर इकडून तिकडे सरकवताना त्याला त्यांच्या जोड्या उमगल्या. हे प्रकल्प गुणांसाठी केलेले नव्हते. हातातील वस्तूने विचाराला वाट काढून दिली, म्हणून त्या साध्या वस्तूंना इतिहासात स्थान मिळाले.

यांतील एक प्रकरण मात्र थोडे विस्ताराने सांगितलेच पाहिजे. १८७४ साली याकोबस फान्ट हॉफ हा बावीस वर्षांचा डच तरुण म्हणाला की कार्बनचे चार बंध कागदावर काढतो तसे एका पातळीत नसतात. ते अवकाशात, चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. आपले म्हणणे पटावे म्हणून त्याने पुठ्ठ्याचे लहान लहान चतुष्फलक करून नामवंत रसायनशास्त्रज्ञांना पाठवले. लाइपझिगचे प्रख्यात प्राध्यापक हेर्मान कोल्बे यांनी १८७७ साली त्याची जाहीर टर उडविली. पशुवैद्यक शाळेत नोकरी करणाऱ्या या पोराला अचूक प्रयोगांची गोडी नाही, तो कल्पनेच्या पंखांच्या घोड्यावर बसून अणू पाहायला निघाला आहे, अशा आशयाचे ते लेखन होते. पुढे १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक याच फान्ट हॉफला मिळाले. पुठ्ठ्याचे ते तुकडे देखणे नव्हते. पण त्यांच्यात एक म्हणणे होते. आमच्या प्रदर्शनांच्या परीक्षकांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: फान्ट हॉफ आज आमच्या मांडवात आला असता तर त्याला ‘मांडणी व सजावट’ या रकान्यात किती गुण मिळाले असते?

हा प्रश्न आम्ही हवेत विचारीत नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रदर्शनात आम्हांस पाहुणे म्हणून बोलाविले होते. एका टोकाच्या मेजावर पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने ऑक्सिजनचा अणू मांडला होता. केळीच्या सोपावर मातीचा गोळा, भोवती काथ्याची दोन वर्तुळे, आतल्या वर्तुळावर दोन चिंचोके, बाहेरच्यावर सहा. आम्ही विचारले, ‘बाहेर सहाच का गं?’ ती म्हणाली, ‘आठांची जागा आहे फादर, दोन रिकाम्या आहेत. म्हणून तर तो दोन हायड्रोजनना धरतो आणि पाणी होते.’ शेजारच्या मेजावर विजेवर फिरणारा, दिवे लुकलुकणारा सोडियमचा अणू होता. त्याच्या धन्याला बाहेरच्या कक्षेत एकच गोळा का, ते सांगता आले नाही. ‘दुकानदाराने तसाच दिला’ असे तो निरागसपणे म्हणाला. पहिले पारितोषिक त्या दिव्यांना मिळाले. मुलीच्या कागदावर ‘साहित्य निकृष्ट’ असा शेरा होता.

त्या शेऱ्याने तिला काय शिकवले? अणूविषयी काहीच नाही. ते तिला आधीच समजले होते. तिला एवढेच कळले की कळण्याला किंमत नाही, किमतीला किंमत आहे. त्या मुलालाही तोच धडा मिळाला, फक्त उलट्या बाजूने. आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला गुण ठेवले ते पाठांतराचा जाच कमी व्हावा आणि हाताने काम करणाऱ्या मुलाला न्याय मिळावा म्हणून. तेच गुण आज वडिलांच्या खिशाला मिळत असतील तर परीक्षा बरी म्हणावयाची. परीक्षेत निदान उत्तर तरी स्वतः लिहावे लागते.

आता त्या थर्मोकोलविषयी. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर केंद्र सरकारनेही देशभर बंदी घातली. तरीही ‘पर्यावरण वाचवा’ अशी घोषणा थर्मोकोलच्या अक्षरांत कापून लावणाऱ्या शाळा आम्ही पाहिल्या आहेत. प्रदर्शन संपले की हे अणू शाळेमागच्या कचऱ्यात, तेथून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातात. यातील विनोद असा की थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांच्या अणूंची ती लांबलचक साखळी, दर कार्बनमागे एक हायड्रोजन. म्हणजे मुलगा ज्याला ‘कार्बनचा एक अणू’ म्हणून मिरवतो त्या गोळ्यात खरोखरीचे कार्बनचे असंख्य अणू गच्च बांधलेले असतात, आणि ते कसे बांधले आहेत, ते कुजत का नाहीत, हा खरा धडा कोणी काढीतच नाही.

आमच्या विरोधकांत काही सज्जन आहेत आणि त्यांचे आक्षेप ऐकण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप अन्नाचा. धान्य आणि कडधान्य पुठ्ठ्यावर चिकटवून नंतर फेकून देणे हा अन्नाचा अपमान आहे, असे आमच्या काही माउल्या म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्हांस शंभर टक्के मान्य आहे. ज्यांच्या आजोळी कण्यांची पेज पिऊन दिवस काढले गेले त्यांनी तांदूळ डिंकात बुडवू नयेत. पण आपल्या भोवती न खाण्याच्या वस्तूंची वाण आहे काय? रिठ्याच्या काळ्याभोर गोल बिया, सागरगोटे, नारळाच्या झावळीचे हीर, केळीचे सोप, काथ्या, शिंपले, तांबडी माती, काळी माती, बांबूच्या चिपा. मोहरीचा एक दाणा घेतला तर घरातील फोडणी अडणार नाही. गुंजा मात्र दिसायला कितीही सुबक असल्या तरी त्यांची बी विषारी असते. ती मुलांच्या हाती देऊ नये.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. मातीला भेगा पडतात, पाने सुकतात, मुंग्या लागतात. लागू देत! प्रारूप टिकण्यासाठी नसते. विज्ञानाने स्वतःची प्रारूपे कोठे जपली? जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन शोधला आणि १९०४ साली अणू हा बेदाणे पेरलेल्या पुडिंगसारखा असतो असे प्रारूप मांडले. आपल्याकडे मुलांना कळावे म्हणून शिक्षक कलिंगडाचे आणि त्यातील बियांचे उदाहरण देतात. सात वर्षांत रदरफर्ड यांनी ते मोडले. १९१३ साली बोर यांनी कक्षा आखून दिल्या. १९२६ साली श्रोडिंगर यांचे समीकरण आले आणि रेखीव कक्षाही गेल्या. दुकानातील तारेची कडी म्हणजे शंभर वर्षांपूर्वी निवृत्त झालेले प्रारूप आहे, आणि ते न गंजणाऱ्या तारेत बसवून आपण त्याला अमर करीत आहो. वहीत त्याची आकृती काढावी, त्याखाली आपले म्हणणे लिहावे आणि माती मातीला परत द्यावी.

तिसरा आक्षेप आमच्याच बाजूच्या मंडळींकडून येतो, आणि तो आम्हांस अधिक सलतो. ‘नैसर्गिक साहित्य’ हा अलीकडे नवा फॅशनचा शब्द झाला आहे. आता बिया, काड्या आणि सुकी पाने यांची तयार पाकिटेही विकत मिळतात, सोबत कोणती बी कोठे चिकटवायची त्याचे सूचनापत्र. थर्मोकोल विकत आणणे वाईट आणि बिया विकत आणणे चांगले, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. निसर्गातून आलेली वस्तू आपोआप विचार करायला शिकवीत नाही. बी वेचताना मुलाने स्वतःशी निवड केली पाहिजे: प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जवळजवळ सारख्या वजनाचे, मग त्यांसाठी एकाच मापाच्या बिया हव्यात, इलेक्ट्रॉन त्यांच्या अठराशेव्या हिश्श्याहूनही हलका, मग त्याच्यासाठी काय घ्यावे? परागकण? राख? की काहीच घेऊ नये, नुसती जागा दाखवावी? या निवडीतच सारे शिक्षण आहे. पाकिटात ती निवड दुसऱ्याने करून ठेवलेली असते.

केवळ विरोध करून थांबणे बरे नव्हे. म्हणून आम्ही काय करावे तेही सांगतो. शिक्षकांनी घरचे सूप चार विटांवर पालथे ठेवावे, त्याखाली मुलांच्या नकळत एक दगड दडवावा, आणि चोहोबाजूंनी आत रिठ्याच्या बिया घरंगळवायला सांगाव्यात. कित्येक आरपार जातील, काही तिरक्या निघतील, एखादी परत येईल. त्यावरून आत काय आहे, केवढे आहे, कोठे आहे, ते मुलांनी कागदावर काढावे. आणि सूप लगेच उचलू नये. १९०९ साली मँचेस्टर येथे गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, तेव्हा बहुतेक सरळ पार झाले आणि हजारोंतून एखादा उलट फिरला. त्यावरून १९११ साली रदरफर्ड यांनी अणूच्या पोटात केंद्रक असल्याचे अनुमान केले. त्यांना सूप उचलून पाहण्याची सोय नव्हती. ‘न पाहता कसे कळले?’ हा प्रश्न ज्या मुलाला एकदा पडला त्याला विज्ञान कळू लागले.

कार्बनसाठी काळ्या मातीचा गोळा आणि हिराच्या चार सारख्या काड्या पुरेत. काड्या एकमेकींपासून जितक्या दूर जाऊ शकतील तितक्या दूर रोवा, एवढेच मुलांना सांगावे. पहिल्यांदा ती अधिक चिन्हासारखी सपाट रोवतील. मग कोणीतरी एक काडी वर उचलील, दुसरी खाली दाबील, आणि हळूहळू तो चतुष्फलक आपोआप उभा राहील. प्रत्येक दोन काड्यांतील कोन सुमारे साडेएकशे नऊ अंशांचा भरेल. फान्ट हॉफने जे सांगितले ते मुलांच्या बोटांना कळेल. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने, जो १९७२ साली मध्य प्रदेशातील सोळा शाळांत सुरू झाला आणि २००२ साली बंद केला गेला, हेच तत्त्व खेड्यांतील शाळांत आचरून दाखवले. त्याच कार्यक्रमात अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून रचना बांधायला मुलांना शिकवले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील बालविज्ञान केंद्रातून त्यांची ती विद्या देशभर पोचली. त्याला खर्च किती आला, हे आमच्या खरेदी समित्यांनी एकदा पाहावे.

इलेक्ट्रॉनचे ढगासारखे असणे दाखवायचे असेल तर कोरडी वाळू मुठीतून पांढऱ्या कापडावर हळूहळू सोडावी. मध्ये दाट, कडेला विरळ असा डाग उमटेल. मुलांना सांगावे की यातला प्रत्येक कण म्हणजे वेगळा इलेक्ट्रॉन नव्हे. एकच इलेक्ट्रॉन जेथे जेथे सापडू शकेल त्या त्या जागेची ती खूण. आणि आमच्या किनाऱ्यावरील शाळांना तर मिठागरे शेजारीच आहेत. खडे मीठ पाण्यात विरघळवून ते पाणी बशीत सावकाश आटू द्यावे, आणि भिंगातून पाहावे. चौकोनी स्फटिक दिसतील. तांबड्या मातीचे लहान आणि काळ्या मातीचे मोठे गोळे आळीपाळीने रचले की सोडियम आणि क्लोरिन यांची तीच घनाकार मांडणी हाती येते. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ च्या सुमारास क्ष-किरणांनी ती शोधली, तेव्हा हेन्री आर्मस्ट्राँगसारख्या नाणावलेल्या रसायनशास्त्रज्ञाला ती बुद्धिबळाच्या पटासारखी रचना इतकी असह्य झाली की १९२७ सालीही त्याने ‘नेचर’ नियतकालिकात तिच्याविरुद्ध जळजळीत पत्र लिहिले. जेवणातल्या मिठावर जाणती माणसे एवढी भांडली, हे ऐकल्यावर कोणते मूल स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीकडे पूर्वीच्याच नजरेने पाहील? एक मिलिग्रॅम मिठात सोडियमचे कण किती, तर एकावर एकोणीस शून्ये. हा आकडा मुलाने आपल्या तळहातावरील खड्याकडे पाहत लिहावा.

वर्धा येथे १९३७ साली नई तालीमचा विचार मांडला गेला तेव्हा हाताच्या कामातून ज्ञान, हे त्याचे सूत्र होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ‘अनुभवाधारित शिक्षण’ हा शब्द आला. मधल्या ऐंशीपंच्याऐंशी वर्षांत शब्द बदलले. पण गुणपत्रिकेतील ‘सजावट’ हा रकाना काही हलला नाही. धोरणे दिल्लीत होतात, तो रकाना मात्र आपल्या शाळेच्या शिक्षक-खोलीत आखला जातो. तो पुसण्यास कोणाची अनुमती लागत नाही.

म्हणून आमची मागणी अगदी थोडक्यात. आपल्या शाळांच्या प्रदर्शनांत विकतचे प्रारूप मांडू देऊ नये. दहा गुणांपैकी पाच प्रारूप घडविण्यास द्यावेत, आणि उरलेले पाच एका प्रश्नाच्या उत्तरास: ‘तुझे हे प्रारूप कोठे कोठे खोटे आहे?’ मोहरीचा दाणा ठेवणारा मुलगा म्हणेल, प्रोटॉनला असे टरफल नसते. काथ्याची वर्तुळे मांडणारी मुलगी म्हणेल, इलेक्ट्रॉन अशा रेषेवरून फिरत नाही आणि अंतरे तर मुळीच जुळत नाहीत. आपल्या हातच्या कामातील उणे ज्याला दाखवता येते त्याने ते काम समजून केले आहे, याहून मोठा पुरावा परीक्षकाला हवा कशाला? विकत आणलेल्या अणूच्या धन्याला हे उत्तर देता येणार नाही. कारण त्याला पावतीवर सारे बरोबर असल्याचे लिहून मिळालेले असते.

पालकांनाही एक विनंती. मुलाने चिखलाने हात भरून आणले, दप्तरात बिया भरल्या, परसात दगडांनी केंद्रक रचले तर त्याला ओरडू नका. आणि प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तो काकुळतीने पैसे मागू लागला तर त्याला दुकानात नेऊ नका, परसात न्या. तेथे काय काय मिळते ते दोघे मिळून पाहा.